कल्याणकारी राज्य आणि ‘आपली’ माणसे

कर देणारा आणि त्या कराचा लाभ घेणारा एकमेकांना परके वाटू लागले की कल्याणकारी राज्याचा पाया खचतो, असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. युरोपच्या तुलनेत अमेरिका गरिबांवर कमी खर्च का करते, याचा शोध आल्बर्टो अलेसिना व एडवर्ड ग्लेझर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घेतला. ही तफावत सुमारे निम्मी वांशिक विविधतेमुळे व उरलेली राज्यव्यवस्थेमुळे आहे, असे त्यांचे प्रतिपादन. परंतु विविधता आणि कल्याणकारी राज्य एकत्र नांदूच शकत नाहीत, असा निष्कर्ष यावरून काढणे उतावीळपणाचे ठरेल.

अमेरिकेचाच इतिहास पाहावा. रूझवेल्ट यांच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून ज्या योजना जन्मल्या, त्यांपैकी एक वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची. तिच्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले होते आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय श्रमिक याच कामांत होते. त्यामागील हेतूविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. १९५० व १९५४ च्या दुरुस्त्यांनी हे दार बव्हंशी उघडले. आज साडेसहा कोटींहून अधिक लोक या योजनेचे लाभार्थी आहेत. २००५ साली अध्यक्ष बुश यांनी तिचे अंशतः खासगीकरण सुचविले, तेव्हा दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाचे बहुमत असूनही तो प्रस्ताव मतदानापर्यंत पोहोचला नाही.

दुसरी योजना निराधार मुलांच्या साहाय्याची. ती केवळ गरिबांसाठी होती आणि पात्रतेच्या अटी ठरविण्याची बरीच मुभा घटक राज्यांना होती. लाभार्थींत गोरी कुटुंबेही मोठ्या संख्येने असताना ती जनमानसात ‘त्यांची’ योजना ठरली. वृत्तसाप्ताहिकांतील गरिबांच्या छायाचित्रांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण वास्तवाहून कितीतरी अधिक असे, हे मार्टिन गिलेन्स यांनी १९९९ च्या ग्रंथात दाखवून दिले. तोवर, १९९६ साली, क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने ती योजना संपुष्टात आली होती. तिच्या जागी आलेल्या योजनेसाठी केंद्राचे वार्षिक अनुदान सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर ठरले; महागाई वाढत गेली, अनुदान तेवढेच राहिले.

देश तोच, वंशभेद तोच, मूळ कायदाही तोच. दैव मात्र भिन्न. निवृत्तिवेतनाच्या योजनेत आजचा करदाता स्वतःस उद्याचा लाभार्थी समजतो. मुलांच्या साहाय्यात देणारे व घेणारे आधीच विभागलेले होते. त्या रेषेवर वंशाची रेषा ओढणे राजकारणाला सोपे गेले.

केवळ गरिबांपुरती योजना कागदावर स्वस्त दिसते. परंतु संकटकाळी तिच्या बाजूने उभे राहणारे थोडेच असतात, आणि ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेली नसते.