अनाथालयातील बालपण आणि प्रौढ मन

संस्थेत वाढलेले मूल वयात आले, त्याच्या हाती शाळेचा दाखला आणि कपड्यांची एक पेटी आली, म्हणजे त्याच्याविषयीचे समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्याला अन्न मिळाले, वस्त्र मिळाले, डोक्यावर छप्पर मिळाले. आता त्याने मागचे विसरून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे त्याचे हितचिंतकही म्हणतात. या म्हणण्यात सद्भाव असतो. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत मानसशास्त्राने जो पुरावा गोळा केला आहे, तो या समजुतीस अनुकूल नाही. बालपणी सोसलेला आघात संस्थेचे दार ओलांडताना मागे राहत नाही. तो का राहत नाही, पुढील आयुष्यात कोणत्या रूपाने प्रकट होतो आणि त्यावर इलाज आहे काय, हे तीन प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहेत.

या विचाराचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाला. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने १९४५ साली दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एके ठिकाणी स्वच्छता होती, दूध होते, वैद्य होते. मात्र परिचारिका थोड्या आणि मुले पुष्कळ. दुसरे ठिकाण स्त्रियांच्या तुरुंगातील बालकगृह होते. तेथे कैदी माता आपापल्या मुलांना स्वतः सांभाळीत. आश्चर्य असे की, तुरुंगातील मुले वाढीस लागली आणि स्वच्छ अनाथालयातील मुले खंगत गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून जॉन बोल्बी यांनी १९५१ साली आपला सुप्रसिद्ध अहवाल लिहिला. जिव्हाळ्याचा अखंड सहवास ही मुलाची आहाराइतकीच निकडीची गरज होय, हे त्याचे सार. बोल्बी यांनी आईवर जरा अधिक भर दिला, असा आक्षेप पुढील संशोधकांनी घेतला, आणि तो रास्त होता. माणूस आईच असले पाहिजे असे नाही. परंतु ते ठरलेले असावे, नित्याचे असावे आणि त्या मुलाला आपले मानणारे असावे, एवढे मात्र निर्विवाद ठरले.

तरीही एक शंका उरत होती. अनाथालयात जी मुले येतात ती मुळातच दुर्बळ किंवा आजारी असतील, आणि दोष संस्थेचा नसून त्यांच्या जन्माचा असेल, असे कोणी म्हटले तर? या शंकेचे उत्तर रुमानियात मिळाले, पण ते मिळण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. निकोलाय चाउसेस्कू यांच्या राजवटीने लोकसंख्या वाढविण्याच्या हव्यासापायी १९६६ साली गर्भपातावर कडक निर्बंध घातले. घरात खायला नाही आणि मुले मात्र वाढताहेत, अशा स्थितीत हजारो कुटुंबांनी आपली मुले सरकारी संस्थांत आणून सोडली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे जगाला दिसले. रांगेने मांडलेल्या खाटा, एका सेविकेच्या वाट्याला डझनावारी मुले, आणि त्याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तेथील शांतता. रडून कोणी येत नाही हे कळले की तान्हे मूल रडण्याचेच सोडून देते.

या शतकाच्या आरंभी चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्ट येथे १३६ मुले निवडली. सर्व मुले अडीच वर्षांच्या आतबाहेरची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत पाठविण्यात आले. उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच राहिली, मात्र पुढे त्यांना कुटुंब मिळाल्यास कोणी आडकाठी करावयाची नाही असे ठरले. दोन गटांत जन्मतः भेद असण्याचे कारण नव्हते. म्हणून पुढे जो फरक दिसला तो संगोपनाचाच मानावा लागला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक विकसित झाली, त्यांच्यात चिंता व खिन्नता कमी आढळली, माणसाशी जीव जोडण्याची शक्ती त्यांना पुष्कळ अंशी परत मिळाली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर लाभले, त्यांना अनेक बाबतींत सर्वांत अधिक लाभ झाला. मात्र चंचलता आणि अवधानाचा अभाव हे दोष कुटुंबात जाऊनही फारसे हटले नाहीत. पुढे २००४ साली रुमानियाने कायदा करून दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास, काही अपवाद वगळता, बंदी घातली.

शरीरात हे घडते तरी कसे? संकट समोर आले म्हणजे मेंदू धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, हृदयाची गती वाढते आणि देह पळण्यास किंवा झुंजण्यास सिद्ध होतो. संकट टळले की ही यंत्रणा शांत होते. लहान मुलाला ती स्वतःहून शांत करता येत नाही; कोणी तरी उचलून छातीशी धरावे लागते. अशा शेकडो अनुभवांतून मूल पुढे स्वतःला सावरावयास शिकते. ज्याला उचलणारे कोणी नसते, किंवा ज्याला जवळ घेणारा हातच मारणारा असतो, त्याची ही यंत्रणा बिघडते. काहींच्या बाबतीत ती सदैव जागी राहते. काहींच्या बाबतीत उलट ती बधिर होते. बुखारेस्टच्या संस्थांत राहिलेल्या मुलांत, ती मोठी झाल्यावर, ताणाच्या प्रसंगी देहाचा प्रतिसाद मंद पडलेला आढळला. तेव्हा अशी माणसे ‘उगाच चिडतात’ किंवा ‘दगडासारखी बसतात’ असे जे म्हटले जाते, त्यात स्वभावाचा दोष थोडा आणि लहानपणी देहाने पत्करलेल्या बचावाचा भाग फार असतो.

उतारवयापर्यंत या आघाताची छाया कशी टिकते, याचे उदाहरण आयर्लंडने दिले आहे. तेथे १८६८ च्या कायद्याने ‘औद्योगिक शाळा’ स्थापन झाल्या. गरीब, निराधार किंवा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेली मुले न्यायालयाच्या आदेशाने तेथे येत. संस्था बहुतेक धार्मिक संघांच्या आणि पैसा दर मुलामागे सरकारचा. सोळाव्या वर्षी मूल बाहेर पडे. पुष्कळांनी पुढे इंग्लंडची वाट धरली आणि आपण कोठे वाढलो हे पत्नीलाही सांगितले नाही. मे १९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने या लोकांची क्षमा मागितली. चौकशी आयोगाचा अहवाल मे २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, भीती आणि उपेक्षा हे या संस्थांच्या रोजच्या जीवनाचे अंग होते, आणि अनेक ठिकाणी लैंगिक अत्याचारही घडले, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्या संस्थांतून आलेल्या २४७ व्यक्तींची तपासणी डब्लिनचे मानसशास्त्रज्ञ ॲलन कार व त्यांचे सहकारी यांनी केली. त्यांचे सरासरी वय साठीच्या घरात होते. त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार जडला होता. चिंता, खिन्नता आणि मद्यादी व्यसने ही त्यांत प्रमुख. ही मंडळी आयोगापुढे आलेल्यांपैकी होती; म्हणून संस्थेत वाढलेल्या प्रत्येकाला हे प्रमाण लावता येणार नाही. तथापि चाळीस-पन्नास वर्षे लोटली तरी जखम भरतेच असे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

या जखमेला वैद्यकशास्त्राने आता नावही दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत ‘जटिल आघातोत्तर विकार’ स्वतंत्रपणे नोंदला गेला. भीतीचे प्रसंग पुनःपुन्हा मनापुढे उभे राहणे, त्यांची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत सावध राहणे ही त्याची एक बाजू. भावनांवर ताबा न राहणे, आपण कवडीमोलाचे आहोत असे वाटणे आणि नाती टिकविता न येणे ही दुसरी. व्यवहारात हे साध्याच रूपाने दिसते. वरिष्ठाने आवाज चढविला की असा तरुण नोकरी सोडून जातो. कोणी माया केली की त्याला संशय येतो. आजारी पडला तरी तो कोणाला सांगत नाही, कारण सांगून काही होते हा अनुभवच त्याच्या गाठी नसतो.

हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, या मुलांचे जीवन कायमचेच बिघडले. तोही चुकीचाच. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा पाठपुरावा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारुण्यापर्यंत केला. जी मुले सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडली, ती इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. अधिक काळ राहिलेल्यांत अडचणी पुष्कळ आढळल्या, आणि चिंता व खिन्नता तर वय वाढता वाढता वर आल्या. तरीदेखील त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा कोणत्याही वयात दोषमुक्तच राहिला. मागे पडलेली बुद्धीही पुष्कळांच्या बाबतीत तारुण्यापर्यंत भरून निघाली.

म्हणून उपायांना अर्थ आहे. आघाताच्या आठवणींना धीराने सामोरे जाण्यास शिकविणारे मानसोपचार गुणकारी ठरतात. परंतु डॉक्टरांच्या खोलीबाहेरचे उपायही तितकेच मोलाचे असतात. राहण्याची शाश्वत जागा, हक्काने दार ठोठावता येईल असे एक तरी वडीलधारे माणूस, आणि आपण कोण, कोठून आलो, भावंडे कोठे गेली हे सांगणारी जपून ठेवलेली कागदपत्रे यांचा त्यांत समावेश होतो.

भारतात या दृष्टीने कायदा मागे नाही. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा आणि महाराष्ट्र या सर्व राज्यांना लागू असलेला २०१५ चा बालन्याय अधिनियम मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. त्याच्या ४६ व्या कलमात अठरा वर्षांनंतरच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. नियमांप्रमाणे ते एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष प्रसंगी आणखी दोन वर्षे देता येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणही ठेवले. परंतु आरक्षणाने जागा मिळते; रात्री झोप न लागणाऱ्या तरुणाला ती झोप देऊ शकत नाही. अनुरक्षणात निवास, शिक्षण आणि रोजगार यांच्या बरोबरीने मनाच्या शुश्रूषेलाही स्थान मिळाले पाहिजे. आणि ती सोय आपल्यासाठी आहे हे त्या मुलाला अठरावे वर्ष लागण्याआधीच कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

घर भाड्याने देणारा, कामावर ठेवणारा, सोयरीक जुळविणारा अशा प्रत्येकाशी या तरुणांची गाठ पडतेच. अर्जावर वडिलांचे नाव नाही, जामीन राहणारे कोणी नाही, म्हणून त्यांना परत पाठविणे सोपे असते. लहानपणी रडून कोणी आले नाही, हा धडा अशा प्रत्येक नकाराने पक्का होतो. एखादे माणूस दिलेल्या शब्दाप्रमाणे आले, आणि पुनःपुन्हा येत राहिले, तर तोच धडा हळूहळू पुसलाही जातो. या कामाला वर्षे लागतात, आणि ते एकट्या सरकारकडून होणारे नाही.