पाणी, फाटी आणि एक गलबत

मुरूडच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग उभा आहे. स्थानिक लोक त्याला कासा म्हणतात. त्याच्या तटाला अगदी जवळून पाहिलं की नवल वाटतं. लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे उरला आहे. तो पाहताना गवंड्यांचं कौतुक सगळेच करतात. मला आठवण होते ती या तटाआड पहारा देणाऱ्या मराठ्यांची. समोर सिद्दीचा जंजिरा, चहूकडे खारं पाणी, आणि चूल पेटवायला लाकूड आणायचं तेही होडीतूनच.

या माणसांना काय हवं होतं, ते जानेवारी १६७५ मधल्या एका पत्रातून कळतं. दर्यासारंग आणि दौलतखान यांच्या आरमाराला पैका आणि गल्ला पोचवायचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला होता. त्याने तो पाळला नाही. शिवाजी महाराजांनी त्याला अत्यंत कडक शब्दांत खडसावलं. हबशाने, म्हणजे सिद्दीने, पैसे चारून तुम्हांला फितवलं की काय, इथवर विचारलं. पत्रात पद्मदुर्गाला पाणी-फाटी, म्हणजे पाणी आणि जळाऊ लाकूड, पोचण्याचीही काळजी आहे. मला हे पत्र कुठल्याही विजयवर्णनापेक्षा मोठं वाटतं. वेढ्यातला शिपाई शत्रूला तोंड देतो. वेळेवर न आलेल्या रसदीपुढे तो काय करणार?

वेळेवर न येणं म्हणजे काय, हे लाय पाटलांनी भोगलं. जंजिऱ्यावरच्या १६७६ च्या मोहिमेची ही हकिकत परंपरेने सांगितली जाते. या कोळी पाटलांनी निवडक सोबती घेऊन रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. सिद्दीचे पहारेकरी डोक्यावर होते, आणि पेशवे मोरोपंतांचे धारकरी यायचे होते. ते आलेच नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून परतण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. जंजिरा पुढेही मराठ्यांच्या हाती लागला नाही.

महाराजांनी पाटलांना पालखीचा मान देऊ केला. त्या काळी याहून मोठा मान तो कोणता! पाटलांनी नम्रपणे नाकारला: आम्ही दर्यावर राहणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? जीव पणाला लावून आलेल्या माणसाला आपल्या गरजेचं काय, हे इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि महाराजांनाही ते उमगलं. त्यांच्या आज्ञेवरून ‘पालखी’ नावाचं एक गलबत बांधून पाटलांच्या हवाली करण्यात आलं, सोबत सरपाटीलकीही.