अंगतपंगत

अंगतपंगत म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरून शिजवून आणलेले अन्न एकत्र मांडून व वाटून घेऊन केलेले सहभोजन होय. शहरी मराठीत याच अर्थाने ‘पॉटलक’ हा इंग्रजी शब्दही रूढ झाला आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत उघडले जाणारे डबे, शेतावरची न्याहारी, कार्तिकातील आवळीभोजन आणि सहलीतील वनभोजन हे सर्व अंगतपंगतीचे परिचित प्रसंग आहेत. या पद्धतीचा उपयोग सत्कार्यासाठी निधी जमवण्याकरिताही केला जातो. त्यात दरमहा एखाद्या घरी ठरावीक विषयावर जेवण योजले जाते आणि बाहेर जेवल्यास जो खर्च झाला असता, तेवढी रक्कम प्रत्येक जण एखाद्या धर्मादाय संस्थेस देतो. पुण्याच्या पूर्वेकडील खराडीसारख्या उपनगरात, जेथे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीनिमित्त निरनिराळ्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेली कुटुंबे गृहसंकुलांत शेजारी शेजारी राहतात, तेथे ही पद्धत विशेष सोयीची ठरते.

## व्युत्पत्ती

‘पंगत’ हा शब्द संस्कृत ‘पंक्ति’ (रांग) या शब्दापासून आला आहे. ‘अंगत’ हे त्याला यमकाने जोडलेले पद असून ते या अर्थाने स्वतंत्रपणे वापरले जात नाही. पंगतीत यजमान वाढतो व पाहुणे जेवतात. अंगतपंगतीत मात्र प्रत्येक जण एकाच वेळी यजमान व पाहुणा असतो. इंग्रजीतील ‘पॉटलक’ या शब्दाचा सोळाव्या शतकातील अर्थ ‘अवचित आलेल्या पाहुण्यास भांड्यात जे असेल ते वाढणे’ असा होता. प्रत्येकाने पदार्थ आणण्याचा अर्थ त्याला पुढे प्राप्त झाला.

## पार्श्वभूमी

### काला व सहभोजन

अंगतपंगतीचे सर्वांत जुने सांस्कृतिक रूप म्हणजे गोपाळकाला. कृष्ण व त्याचे सवंगडी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खात, या कथेवर तो आधारलेला आहे. आषाढी पौर्णिमेस पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे वारकरी काला करतात व त्यानंतर वारीची सांगता होते. काल्यात कोणाची शिदोरी कोणती, हा भेद उरत नाही.

प्रत्यक्ष समाजव्यवहारात मात्र कोणाच्या घरचे अन्न कोणी खावे, यावर जातीची कठोर बंधने होती. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ चालला. ही बंधने मोडण्यासाठी विसाव्या शतकातील समाजसुधारकांनी एकत्र जेवणाचाच मार्ग निवडला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सातारा येथे सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. विनायक दामोदर सावरकर यांनी रत्नागिरीत सहभोजने घडवून आणली, तर अनंत हरी गद्रे यांनी ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ हा उपक्रम चालवला. त्यामुळे शेजाऱ्याच्या डब्यातील घास घेणे, ही आज क्षुल्लक वाटणारी कृती महाराष्ट्राच्या इतिहासात क्षुल्लक नव्हती.

### मुष्टिफंड

स्वयंपाकघरातून लोककार्यासाठी नियमित निधी उभारण्याची महाराष्ट्र व गोव्यातील जुनी पद्धत म्हणजे मुष्टिफंड. रोजच्या स्वयंपाकासाठी धान्य मोजून घेताना गृहिणी त्यातील एक मूठ निराळ्या भांड्यात टाकत असे. असे साठलेले धान्य ठरावीक दिवशी गोळा केले जाई. त्याचा उपयोग विद्यार्थ्यांच्या भोजनासाठी होई किंवा ते विकून आलेली रक्कम शाळेस दिली जाई. पणजी येथील मुष्टिफंड संस्थेच्या नावात ही पद्धत आजही जपली गेली आहे. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनाही घरोघरच्या मूठभर धान्याचा आधार मिळाला. याच तत्त्वाचे रोख रकमेतील रूप म्हणजे अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होय. दर माणशी एक पैसा या हिशेबाने जमलेल्या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला.

या उपक्रमांत देणगीची रक्कम अल्प असली तरी ती नियमित असे आणि देणाऱ्याच्या रोजच्या व्यवहाराशी जोडलेली असे. मासिक अंगतपंगतीचा पायाही हाच आहे.

### अन्य देशांत

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथे २००३ साली मार्शा वॉलेस यांनी ‘डायनिंग फॉर विमेन’ ही चळवळ सुरू केली. तिच्या शाखांतील सभासद दरमहा एकमेकींच्या घरी आपापला पदार्थ घेऊन जमत आणि उपाहारगृहात झाला असता तेवढा खर्च विकसनशील देशांतील स्त्रिया व मुलींसाठी काम करणाऱ्या प्रकल्पांस देत. २०२१ साली या संस्थेने ‘टुगेदर विमेन राइज’ असे नाव धारण केले. परदेशांतील मराठी कुटुंबांतही सण व स्नेहमेळाव्यांच्या निमित्ताने अंगतपंगत सर्रास होते.

## स्वरूप

मासिक अंगतपंगतीत साधारणपणे आठ ते पंधरा कुटुंबे किंवा व्यक्ती सहभागी होतात. यजमानपद पाळीपाळीने फिरते. यजमान जागा, पाणी, ताटे व एखादा मुख्य पदार्थ (बहुधा भात किंवा पोळ्या) पुरवतो आणि इतर पदार्थ सभासदांत वाटून दिले जातात. कोशिंबीर, उसळ, रस्सा, गोड असे वर्ग आधी ठरवले नाहीत, तर ताटात चार गोड पदार्थ आणि भाजी मात्र एकही नाही, अशी स्थिती उद्भवते.

रचनेच्या दृष्टीने ही पद्धत भिशीसारखी दिसते, कारण दोहोंत मासिक भेट, ठरावीक रक्कम व फिरते यजमानपद असते. तथापि भिशीत जमलेली रक्कम सभासदांपैकीच एकास मिळते, तर येथे ती गटाबाहेर जाते.

उदाहरणादाखल, बारा जणांनी दरमहा प्रत्येकी ३०० रुपये दिल्यास महिन्यास ३,६०० व वर्षास ४३,२०० रुपये जमतात. एकाच मोठ्या भोजनसमारंभातून एवढी रक्कम उभी करावयाची झाल्यास सभागृहाचे भाडे, आचारी व मंडप यांचा खर्च आधी वजा करावा लागतो. अंगतपंगतीत हा खर्च सभासदांच्या स्वयंपाकघरांत विभागला जातो व देणगीची रक्कम अखंड राहते. संस्थेच्या दृष्टीनेही एकदाच येणाऱ्या रकमेपेक्षा दरमहा येणारी निश्चित रक्कम अधिक उपयोगी असते, कारण तिच्या भरवशावर औषधे, शालेय साहित्य किंवा पगार यांसारखा आवर्ती खर्च योजता येतो.

## विषयांची निवड

प्रत्येक महिन्याच्या जेवणास एक विषय दिल्याने पदार्थांत मेळ राहतो व सभासदांचा उत्साह टिकतो. मराठी पंचांगातील ऋतू व सण हा त्यासाठी सर्वांत सहज आधार आहे.

* चैत्र-वैशाख : आंब्याची डाळ, पन्हे, आमरस.
* आषाढ : आखाड तळण्याच्या प्रथेतील कापण्या व अन्य तळणीचे पदार्थ.
* श्रावण : रानभाज्या, नागपंचमीचे दिंड, उपवासाचे पदार्थ.
* भाद्रपद : उकडीचे मोदक, ऋषिपंचमीची भाजी.
* आश्विन : भोंडल्याची खिरापत, कोजागरीचे मसाला दूध.
* कार्तिक : आवळीभोजन.
* मार्गशीर्ष : चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत व रोडगे.
* पौष : भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ.
* फाल्गुन : पुरणपोळी, कटाची आमटी.

प्रदेशवार विषयही योजले जातात. खानदेशाची कळण्याची भाकरी व शेवभाजी, विदर्भाची पाटवडी व रस्सा, कोकणातील घावन व सोलकढी, कोल्हापूरचा तांबडा व पांढरा रस्सा ही त्याची उदाहरणे होत. निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे ज्या गृहसंकुलात राहतात, तेथे प्रत्येक यजमानाने आपल्या गावचे जेवण मांडले, की विषय आपोआप ठरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी व वरी हे विषयही लोकप्रिय झाले.

विषय निवडताना खर्चाचाही विचार करावा लागतो. वर्षातून एखाद्या महिन्यास ‘पिठले-भाकरी’ असा साधा विषय ठेवून वाचलेली रक्कम देणगीत घालण्याची पद्धत या उपक्रमाच्या हेतूशी सुसंगत आहे.

## देणगी व हिशेब

रक्कम जमवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत एक सभासद सर्वांकडून रक्कम घेऊन ती संस्थेस देतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक सभासद आपली रक्कम थेट संस्थेच्या बँक खात्यात भरतो व पावती घेतो. दुसरी पद्धत अधिक निर्दोष आहे. पहिल्या पद्धतीत पावती बहुधा एकाच व्यक्तीच्या नावे निघते, इतरांच्या देणगीची स्वतंत्र नोंद राहत नाही आणि मैत्रीच्या संबंधात पैशाचा संशय शिरण्यास वाव मिळतो. रक्कम एकत्र करणे अपरिहार्य असल्यास जमा, भरणा व पावती यांचा हिशेब दरमहा सर्वांस दाखवणे आवश्यक ठरते.

संस्था निवडताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, तिचे लेखापरीक्षित हिशेब उपलब्ध आहेत काय आणि तिला देणगीवरील वजावटीसाठी आयकर अधिनियमाखालील मान्यता आहे काय, हे पाहिले जाते. वर्षभरासाठी एक किंवा दोनच संस्था निवडल्यास त्यांच्या कामाची प्रत्यक्ष ओळख होते. दरमहा संस्था बदलल्यास प्रत्येकीच्या वाट्यास अत्यल्प रक्कम येते.

## कायदेशीर बाबी

* निधी गोळा करणे : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क मध्ये नोंदणीकृत विश्वस्त संस्थेखेरीज इतरांनी धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करण्याबाबत तरतूद आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे याच कलमाखाली परवानगी घेतात. परिचितांच्या गटातील प्रत्येकाने थेट संस्थेस देणगी दिल्यास वर्गणी गोळा करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.
* आयकर : २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही. वस्तुरूप देणगीस, म्हणजेच सभासदाने शिजवून आणलेल्या अन्नाच्या खर्चासही, ही वजावट लागू नाही.
* विदेशी अंशदान : विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार परदेशी नागरिकाकडून आलेली देणगी विदेशी अंशदान ठरते व ती स्वीकारण्यास संस्थेस स्वतंत्र नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. परकीय नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांच्या देणगीसही हा नियम लागू होतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी मात्र विदेशी अंशदानात मोडत नाही. भेटीस आलेल्या नातेवाइकांच्या देणग्यांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो.
* अन्नविषयक कायदा : अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील ‘अन्न व्यवसाय’ या व्याख्येत नफ्याची अट नाही. त्यामुळे घरगुती सहभोजनाचे रूपांतर अनोळखी लोकांस तिकीट लावून जेवण देण्यात झाल्यास नोंदणीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. निमंत्रण परिचितांपुरते मर्यादित ठेवणे व जेवणाची किंमत न आकारता देणगी ऐच्छिक ठेवणे यामुळे उपक्रम घरगुती स्वरूपाचा राहतो.

## अन्नसुरक्षा

अंगतपंगतीत अन्न एका घरी शिजते व दुसऱ्या घरी काही वेळाने खाल्ले जाते. हा मधला वेळ सर्वांत जोखमीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर व थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील उष्म्यात दुधाचे पदार्थ, ओल्या नारळाची चटणी व शिजवलेला भात लवकर बिघडतात. भातातील काही जिवाणूंची विषद्रव्ये अन्न पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाहीत.

प्रत्येक पदार्थासमोर घटकांची चिठ्ठी ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे. मराठी स्वयंपाकात दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत अनेक पदार्थांत असते व ते वरून ओळखू येत नाही. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. शाकाहारी, मांसाहारी, उपवासाचे व कांदा-लसूणविरहित पदार्थ निराळे मांडून त्यांसाठी स्वतंत्र पळ्या ठेवल्या जातात.

## टीका व मर्यादा

या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप श्रमविभागणीचा आहे. निधी सर्व कुटुंबाच्या नावे जमतो, परंतु स्वयंपाक, मांडणी व भांडी यांचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर किंवा घरकामगारांवर पडतो. घरकामगारास त्या दिवसाचे जादा वेतन न देता जमवलेली देणगी स्वतःच्याच हेतूशी विसंगत ठरते. त्यामुळे काही पदार्थांची व आवराआवरीची जबाबदारी पुरुष सभासदांवर नेमून देणे इष्ट मानले जाते.

दुसरा आक्षेप चढाओढीचा आहे. प्रत्येक यजमान मागील यजमानाहून अधिक थाट करू लागल्यास पदार्थांवरील खर्च देणगीहून अधिक होतो आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे हळूहळू गळतात. पदार्थांची संख्या व खर्चाची मर्यादा आधी ठरवणे आणि देणगीचा आकडा जाहीर न करणे, हे त्यावरील प्रचलित उपाय आहेत.

तिसरी मर्यादा व्याप्तीची आहे. घरगुती पंगतीत मुळात परिचित व बहुधा समान आर्थिक स्तरातील लोकच जमतात. ज्यांच्यासाठी निधी जमतो ते त्या पंगतीत नसतात. सहभोजनाच्या चळवळीत एकत्र जेवणे हेच उद्दिष्ट होते, तर येथे ते साधन आहे. संस्थेतील कार्यकर्त्यांस व लाभार्थींस पंगतीत समान सभासद म्हणून बोलावल्यास हे अंतर काही अंशी कमी होते.

## हे सुद्धा पहा

* गोपाळकाला
* भिशी
* पैसा फंड
* रयत शिक्षण संस्था
* खराडी