पहिली-दुसरीचा वर्ग कसा असावा? नुसत्या भिंती रंगवून भागत नाही. पालकांनी शाळेत काय पाहावं, जाणून घ्या

लोकवर्गणी जमली की बहुतेक गावांत आधी शाळेच्या भिंती रंगवल्या जातात. शाळा छान दिसते, फोटोही चांगले येतात. पण पहिली-दुसरीच्या पोरांचं शिकणं सुधारायचं असेल, तर वर्गातल्या वस्तू त्यांच्या हाताला लागल्या पाहिजेत.

दुसरीपर्यंतच का महत्त्वाचं?

तिसरीपासून परिसर अभ्यास असो की गणितातलं शाब्दिक उदाहरण, सगळं आधी वाचावं लागतं. तोवर वाचता आलं नाही तर पोरगं सगळ्याच विषयांत मागं पडतं आणि हळूहळू शाळा टाळायला लागतं. म्हणूनच केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

वर्गात काय पाहायचं?

*उंची :* तक्ते आणि चित्रं पोरांच्या डोळ्यांसमोर हवीत. छताजवळ लावलेला तक्ता फक्त मोठ्यांना दिसतो. जमिनीलगत फळ्याची पट्टी केली, तर प्रत्येकाला लिहायला स्वतःची जागा मिळते.

*बसणं :* सगळी पोरं रांगेत बसली की मागची गप्प राहतात. चार-पाच जणांचे गोल गट केले तर ती एकमेकांना विचारतात, दाखवतात.

*हाताळायच्या वस्तू :* चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. दशक-एकक फळ्यावर समजत नाही, ते गठ्ठा सोडला-बांधला की समजतं. पण हे साहित्य कपाटात कुलूपबंद असेल तर उपयोग शून्य. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी अशाच साहित्यावर आणि फरशीवर आखलेल्या खेळांवर भर दिला. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले.

*भाषा :* घरी अहिराणी, कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणारं पोरगं पुस्तकातली मराठी ऐकून बुजतं. गुरुजींनी किंवा बाईंनी सुरुवातीला घरचे शब्द चालवून घेतले, तर ते बोलायला लागतं. बोलणारं पोरगं वाचायलाही लवकर लागतं.

*भीती नको :* शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. चुकलं की हसू होणार, हे कळलं की पोरं उत्तरच देत नाहीत. "दोन छड्या मारा, आमची हरकत नाही," असं पालकांनीही सांगू नये.

एका खोलीत दोन वर्ग असतील तर?

कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे छोट्या गावात एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो. अशा खोलीत वाचनाचा कोपरा आणि गणिताचा कोपरा वेगळा केला, तर एक वर्ग शिकत असताना दुसऱ्या वर्गातली पोरं आपापलं काम करू शकतात. इथे वर्गाची मांडणीच शिक्षकाचा दुसरा हात बनते.

पालक काय करू शकतात?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. त्या बैठकीत रंगाच्या खर्चाबरोबर हेही विचारा : गोष्टींची पुस्तकं पोरांच्या हाताला येतात का? पावसाळ्यात खोलीत पुरेसा उजेड असतो का? पहिलीचं साहित्य शेवटचं कधी वापरलं?

सुताराने फळीचा बुटका रॅक करून दिला, आजीने शाळेत येऊन गोष्ट सांगितली, घराघरातून चिंचोके गोळा झाले, तरी वर्ग बदलायला सुरुवात होते. आणि पोरगं घरी आल्यावर "काय शिकवलं?" एवढंच विचारू नका. "आज तू काय केलंस?" असं विचारा. रोजच्या उत्तरांवरून वर्ग कसा चाललाय, ते कळत जाईल.