मधल्या आतड्याचा उशिरा लागलेला शोध

१८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा पोटातली गाठ ओळखायचे मार्ग दोनच होते: हाताने चाचपणं किंवा पोट उघडून बघणं. पुढच्याच वर्षी जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लागला. तरी लहान आतडं पुढेही बराच काळ नजरेआड राहिलं. सुमारे सहा मीटर लांबीची ही वेटोळी. तोंडातून घातलेली दुर्बीण त्यांच्या सुरुवातीपर्यंत जाते, गुदद्वारातून घातलेली शेवटापर्यंत. मधला भाग दोघींच्याही टप्प्याबाहेर.

या भागात मूळ धरणारा कर्करोग दुर्मीळ. दुसरीकडून पसरलेला त्याहून अधिक आढळतो. त्वचेचा मेलानोमा, फुप्फुस आणि स्तनाचा कर्करोग रक्तावाटे इथे पोहोचतो. अंडाशय, जठर आणि मोठ्या आतड्याचा पोटाच्या अस्तरावरून. लक्षणं मात्र साधीच असतात. पोटात मुरडा, उलट्या, काळी शौच, उतरत जाणारं हिमोग्लोबिन. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच दिसतो. त्यामुळे आतड्याचा तुकडा (बायोप्सी) न तपासता टीबीची औषधं सुरू झाली, तर मोलाचे महिने हातचे जातात.

बेरियम पाजून काढलेल्या फोटोत आतडं अरुंद झालेलं दिसे, कारण कळत नसे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि पुढे आतड्याची भिंत, गाठी, यकृत एकत्र दिसू लागलं. २००१ साली अमेरिकेत कॅमेऱ्याच्या कॅप्सूलला मान्यता मिळाली. ती आतल्या बाजूचे हजारो फोटो काढते. पण तुकडा घेऊ शकत नाही आणि अरुंद जागी अडकूही शकते. जपानच्या हिरोनोरी यामामोतोंच्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने मधल्या भागातला तुकडा घेणं शक्य केलं.

सातारा-सांगलीच्या रुग्णांची वाटही या काळात बदलली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९८४ साली कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय. २०१२ साली सुरू झालेल्या, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्य योजनेने कर्करोगाच्या खर्चाचा भार हलका केला.

निदानाचा शेवटचा शब्द मात्र पॅथॉलॉजिस्टचा. विशेष रंगचाचण्यांनी पेशी फुप्फुसातून आल्या की स्तनातून, याचा अंदाज लागतो. कोणत्या चाचण्या लावायच्या हे जुन्या आजारावरून ठरतं, आणि नेमकी तीच माहिती राहून जाते. तळपायावरचा मेलानोमाचा काळा डाग काढून वर्षं लोटलेली असतात. ‘ते तर बरं झालं’ असं वाटून कुणी त्याचा उल्लेखच करत नाही.

शंभर वर्षांत यंत्रं खूप पुढे गेली. त्यांना योग्य दिशा द्यायचं काम अजून माणसांचंच आहे. जुना बायोप्सी रिपोर्ट जपून ठेवा. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं पोट वारंवार दुखलं किंवा रक्त कमी होत गेलं, तर तो आजार डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्टरांनीही विचारल्याशिवाय राहू नये.