वाळवणाच्या राखणीला एक पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात बालविभागाचं कपाट मी सांभाळते. दरवर्षी तेच होतं. निकाल हातात पडला की आठवडाभर मुलांची झुंबड उडते, मेच्या मध्यापर्यंत ती ओसरते आणि शाळा उघडली की गुरुजी हताश होऊन सांगतात, "वाचायचं पार विसरून आलीत!" मुलं आळशी नसतात, हे मी पैजेवर सांगेन. सुट्टीत पुस्तक त्यांच्या हाताशी नसतं, आणि असलं तर ते त्यांनी निवडलेलं नसतं.

सुट्टीत काय निसटतं

दुसरी-तिसरीतलं मूल अजून अक्षर अक्षर जुळवत असतं. रफार, जोडाक्षरं, 'ज्ञ' आणि 'क्ष' आले की ते थबकतं, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरून जातं. शब्द बघताक्षणी ओळखता आला की मगच त्याचं लक्ष गोष्टीकडे जातं. ही सहजता रोजच्या सरावाने येते आणि सराव तुटला की मागे सरकते. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस. म्हणजे दीड-दोन महिन्यांचा खंड पडतो.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे पडलेली दिसली. वाचनात मात्र हा फटका गरीब घरातल्या मुलांना बसत होता, कारण शाळा बंद झाली की त्यांच्या घरात पुस्तकच नसे. नेमकी ही गोष्ट मला आपल्याकडेही दिसते.

निवड मुलाची

फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये एक साधा प्रयोग केला. सुट्टीआधी पुस्तकं मांडून ठेवली आणि मुलांना आपल्या आवडीची बारा निवडून घरी न्यायला सांगितली, सलग तीन वर्षं. ही मुलं पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात पुढे राहिली. त्यांचा अहवाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

गेल्या वर्षी पाचवीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. वडिलांनी थोर पुरुषांची तीन चरित्रं काढली. मुलाची नजर मात्र भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर होती, कारण मुखपृष्ठावर सायकल होती. "दादा, एक तुमचं, एक त्याचं," म्हणत मी दोन्ही नोंदवली. चौथ्या दिवशी मुलगा एकटाच आला. चरित्र घरीच होतं आणि त्याला फुरसुंगीच्या त्या पोराचा पुढचा भाग हवा होता. चरित्र त्याने नंतर वाचलं की नाही, मी विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं, असं माझं ठाम मत आहे. बोध काय, सारांश लिही, किती पानं झाली, हे प्रश्न सुरू झाले की सुट्टीतलं पुस्तक गृहपाठाच्या रांगेत जाऊन बसतं. विचारायचंच तर "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारावं, तेही खरंच ऐकायचं असेल तर.

पुस्तक झेपेल का हे मुलालाच ठरवता येतं. मधलं एखादं पान उघडून वाचायचं आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत मूठ मिटली, तर ते पुस्तक सध्या कोणी तरी वाचून दाखवावं.

वाचून दाखवणं

मूल स्वतः वाचू लागलं की आपण वाचून दाखवणं थांबवतो, ही मोठी चूक. कानाला त्याच्या वाचनापेक्षा पुढची भाषा पेलते. 'श्यामची आई' तर सांगण्या-ऐकण्यासाठीच घडली आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या प्रकरणांना 'रात्र' म्हणतात. रोज गच्चीवर अंथरुणं पडली की एक रात्र वाचावी. आई-वडील दमलेले असतील तर आजोबांनी, आत्याने, मोठ्या ताईने. परदेशातल्या नातवंडांना फोनवरून आजीने वाचून दाखवलं तरी चालतं. तिथे मराठी कानावर पडायला दुसरी वाट क्वचितच असते.

पुस्तकं आणायची कुठून

आधी गावचं सार्वजनिक वाचनालय गाठा. बहुतेक ठिकाणी बालविभाग असतो आणि वर्गणी थोडी असते. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा फुकट आहेत आणि त्या छापूनही घेता येतात. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आणा, त्यातल्या चित्रांवर मुलं तासभर बोलतात. महाबळेश्वरकडे जाणं झालं तर भिलारला थांबा. स्ट्रॉबेरीच्या या गावात 4 मे 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचू शकतं. काहीच जमलं नाही तर वाड्यातल्या पाच घरांनी पाच-पाच पुस्तकं एका पेटीत घालावी आणि पेटी दर रविवारी पुढच्या घरी द्यावी.

हात पोचेल तिथे

पुस्तक फाटेल म्हणून ते काचेच्या कपाटात ठेवणाऱ्या घरांची मला फार हळहळ वाटते. ते खाटेवर, झोपाळ्यावर, चपलांच्या शेजारीसुद्धा असू द्या. मुलाला सुट्टीत वेळ मिळतो तो असा अधूनमधून.

आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी आजोळी आली होती. आजी कुरडया घालायची आणि कावळे हाकायला हिला गच्चीवर बसवायची. हातात काठी, डोक्यावर छत्री आणि मांडीवर आमचं चित्रकथेचं पुस्तक. पहिल्या दिवशी ती चित्रंच बघत होती. आठवड्याने आजी वाचनालयात सांगायला आली, "अगं बाई, कावळ्यांना गोष्ट वाचून दाखवते पोर, मोठ्याने!" जूनमध्ये पुस्तक परत देताना पोरगी पदराआड लपली होती. नवव्या पानावर गव्हाच्या चिकाचा वाळलेला ठिपका होता आणि पान कडेला उसवलं होतं. आजी दंड द्यायला पैसे काढत होती.

मी दंड घेतला नाही. पान खळ लावून चिकटवलं, ठिपका तसाच राहिला, आणि पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर लावलं. त्या फळीवरचं पुस्तक काढायला मुलांना कोणालाच हाक मारावी लागत नाही.