सुरांच्या यात्रेंतील सावध सेवेकरी

२०२५ च्या गुढीपाडव्यास श्रीखंडपुरीचें जेवण आटोपून घरांतील मंडळी ओटीवर बसली असतां इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा फोन आला. सणाचे नमस्कार झाल्यावर त्यानें हळूच सांगितलें कीं, जूनच्या अखेरीस ग्लॅस्टनबरीच्या संगीतोत्सवांत तो स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. तें ऐकून दादांचा चेहरा उतरला व वहिनी पदराला हात पुसत आंत निघून गेल्या. कारण आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे, आणि आतां लपविण्यासारखें त्यांत कांहीं राहिलेलें नाहीं: ह्या मुलानें आठ वर्षें मद्यपान केलें, त्यापायीं एक नोकरी व एक ठरलेलें लग्न घालविलें, आणि त्या पाडव्यास त्याला मद्य सोडून चौदा महिने झाले होते. तो काय लिहूं देईल व काय नाहीं, हें त्याला विचारूनच हा लेख लिहीत आहें.

दादा म्हणाले, “चौदा महिन्यांच्या पोराला कोणी जत्रेंत एकटें सोडतो काय?” दादा सतारीचे शौकीन. रविशंकर १९६९ च्या ऑगस्टांत अमेरिकेंत वुडस्टॉकच्या उत्सवांत भर पावसांत वाजवून आले, आणि तेथील श्रोत्यांची नशेंत बुडालेली स्थिति त्यांस मुळींच रुचली नाहीं, हें त्यांनीं पुढें उघड सांगितलें. हा दाखला दादांनीं लगेच पुढें केला, व तो खोटा म्हणतां येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मुलाचा फोन माझ्याकडे आला. “काका, बाबांना तुम्हींच समजवा. मी तेथें पाहुणा म्हणून नाहीं, कामकरी म्हणून जातों आहें.” ह्या दोहोंत काय अंतर आहे, तें मला त्या वेळीं कळलें नाहीं. परंतु न कळलेल्या गोष्टीची टिपणें काढीत बसण्याची शाळामास्तरी खोड मला अजून आहे; तेव्हां मी त्या उत्सवाची माहिती मिळविण्यास लागलों.

सॉमरसेट परगण्यांत पिल्टन नांवाचें एक खेडें आहे. तेथील वर्दी फार्म हें गाईंचें शेत मायकेल ईव्हिस ह्यांच्या अंगावर १९५४ सालीं, वडील वारल्यामुळें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं येऊन पडलें. १९ सप्टेंबर १९७० रोजीं त्यांनीं आपल्या कुरणांत पहिला जलसा भरविला. प्रवेशाला एक पौंड, आणि गोठ्यांतील दूध फुकट! सुमारें दीड हजार माणसें आलीं. आतां तो उत्सव बुधवारपासून रविवारपर्यंत चालतो, दोन लाखांवर माणसें तंबू ठोकून राहतात, व २०२५ सालीं त्याचें तिकीट ३७३ पौंड ५० पेन्सांचें होतें. ईव्हिस हे मेथॉडिस्ट पंथाचे. मद्यनिषेधाच्या चळवळीस ज्या पंथानें इंग्लंडांत मोठें बळ दिलें, तोच हा पंथ. तथापि त्यांच्याच कुरणांत आज मद्याच्या दुकानांच्या रांगा लागतात, आणि लोक आपापल्या तंबूंत बीअरच्या पेट्या वाहून नेतात. मनाई आहे ती कांचेच्या बाटल्यांस. दुधावरून निघालेली गोष्ट कोठें येऊन पोंचली!

ह्या एवढ्या वस्तीची व्यवस्था राखण्यांत स्वयंसेवकांचा वांटा मोठा आहे. १९४२ सालीं ऑक्सफर्ड येथें दुष्काळनिवारणासाठीं निघालेली ऑक्सफॅम ही संस्था १९९३ पासून तेथें आपले स्वयंसेवक पाठविते. उमेदवारानें आधीं भरभक्कम अनामत ठेवावयाची, शिकवणी घ्यावयाची, व उत्सवांत प्रत्येकी सुमारें आठ तासांच्या तीन पाळ्या भरावयाच्या. पाळ्या पुऱ्या केल्यास अनामत परत मिळते. त्यांच्या श्रमाबद्दल उत्सवाकडून मिळणारा पैसा संस्थेच्या कार्यास जातो. काम दिसावयास साधें असतें. दारावर हातांतील पट्ट्या तपासणें, आगीच्या बंबाची व रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणें, चुकलेल्यास त्याचा तंबू कोठल्या बाजूस तें दाखविणें, आणि दंगा दिसल्यास आपण हात न घालतां बिनतारी यंत्रावरून वर्दी देणें. पाळीवर असतां मद्यास स्पर्श करावयाचा नाहीं, हा नियम सर्वांस लागू आहे. तेथें मद्य विकणारेहि पुष्कळदां स्वयंसेवकच असतात. वर्कर्स बीअर कंपनी नांवाची एक संस्था कामगार संघांची व लोकोपयोगी मंडळांची माणसें आणून त्यांची मजुरी त्या त्या मंडळाच्या निधींत जमा करते. हेतु चांगला आहे, पण आमच्या मुलास तें दार बंद.

“कामकरी” ह्या शब्दाचा अर्थ मला आतां थोडा उमगूं लागला. पाहुण्याचे पांच दिवस मोकळे असतात, आणि ज्याची संवय जुनी त्यास मोकळा वेळ हाच शत्रु. कामकऱ्याच्या दिवसास मात्र खुंट्या ठोकलेल्या असतात. पण तीन पाळ्यांचे चोवीस तास झाले. पांच दिवसांतले उरलेले तास कोठें घालवावयाचे? हा प्रश्न दादांनीं विचारला, आणि त्याचें उत्तर मला इंग्लंडांत न सापडतां अमेरिकेंत सापडलें.

कॅलिफोर्नियांत १९६५ सालीं ग्रेटफुल डेड नांवाचा एक वाद्यवृंद निघाला. त्याचे रसिक गांवोगांव त्याच्या मागें फिरत, आणि त्यांच्या मेळ्यांत नशेचा सुकाळ असे. त्या वृंदांतील पहिल्या फळीचा गायक रॉन मॅकर्नन १९७३ सालीं मद्यानें पोखरलेल्या देहानें सत्ताविसाव्या वर्षीं वारला, व जेरी गार्सिया ह्यास १९९५ सालीं व्यसनमुक्तीच्या आश्रमांतच मरण आलें. अशा ह्या मेळ्यांत १९८० नंतरच्या दशकांत कांहीं रसिकांनीं ठरविलें कीं, नशा सोडावयाची, पण गाणें सोडावयाचें नाहीं. ते पिवळे फुगे बांधून एक मेज मांडीत, आणि दोन भागांच्या मधल्या विश्रांतींत तेथें जमून एकमेकांशीं बोलत. वृंदाच्याच एका गाण्यावरून त्यांना “व्हार्फ रॅट्स” हें नांव पडलें. कोणासहि उपदेश नाहीं. ज्याचा पाय लटपटला त्यानें गर्दींतून मान वर करून फुगा शोधावा, एवढेंच.

हें वाचतांना मला पालखी आठवली. आळंदीहून निघालेला माळकरी वारकरीहि राहुटींत निजतो, रात्रंदिवस गातो, आणि मद्याला शिवत नाहीं; परंतु तेथें भोंवतालचा समाजच त्याला संभाळीत असतो. ग्लॅस्टनबरीस समाज उलट्या दिशेला चाललेला, म्हणून तेथें निदान चार जणांची दिंडी व एक पताका ही हवीच. मी मुलाला तसें विचारलें. तो १९३५ सालीं ॲक्रन येथें सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या मंडळाच्या ब्रिस्टलमधील बैठकांस जातो. त्या बैठकींतले आणखी दोघे त्याच कामावर येणार होते, व रोज सायंकाळीं सातांस स्वयंसेवकांच्या चहाच्या तंबूपाशीं भेटावयाचें तिघांचें ठरलें होतें. हें ऐकल्यावर दादा होय म्हणाले नाहींत, पण नाहींहि म्हणाले नाहींत.

२७ जूनच्या रात्रीं त्याची तिसरी पाळी होती. वाटेवरच्या पुष्कळांनीं त्याला पेले पुढें केले. त्यांचें त्याला कांहींच वाटलें नाहीं. अंगावर स्वयंसेवकाची बंडी होती, हंसून नको म्हटलें कीं झालें. कठीण वेळ आली ती सकाळीं सहास, बंडी उतरल्यावर. रात्रभर त्याच्या शेजारीं उभे राहिलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं आपली शाल त्याच्या खांद्यावर घातली होती, पहांटे आपली अर्धी भाकर त्याला दिली होती. त्या भल्या माणसानें पाळी संपल्याच्या आनंदांत पिशवींतून बीअरचे दोन डबे काढले, आणि एक त्याच्या हातांत ठेवला. “काका, लोचट दारुड्या असता तर मी झिडकारला असता. पण ह्यांना नाहीं कसें म्हणूं, तेंच सुचेना. डबा थंड होता, एवढें आठवतें.”

त्यानें तो डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि चहाच्या तंबूकडे चालूं लागला. दोघां मित्रांपैकीं एक पाळीवर होता व दुसऱ्याचा फोन बंद. तेव्हां त्यानें घरीं फोन लावला. आमच्याकडे साडेदहा वाजले होते, आणि वहिनी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं नेहमींप्रमाणें जेवलास का म्हणून विचारलें. मग स्वयंपाकघराचें छप्पर कोठें गळतें, शेजारच्यांनीं फणस पाठविला तो कापा निघाला कीं बरका, धाकट्या नातवाचा दांत कसा पडला, हें सर्व सांगितलें. तो बोलला फारच थोडें. चाळीस मिनिटांनीं त्याच्या मित्राची पाळी सुटली व तो तेथें आला, तेव्हां मुलानें “आई, ठेवतों” म्हटलें. त्या सकाळीं काय घडतां घडतां राहिलें, हें त्यानें महिन्यानंतर मला सांगितलें. वहिनींस तें अजून ठाऊक नाहीं. हा अंक घरीं आल्यावर त्या वाचतील, आणि माझ्याशीं दोन दिवस बोलणार नाहींत, असा माझा अंदाज आहे.

दुपारभर तो झोंपला. त्या रात्रीं मुख्य रंगमंचावर नील यंग ह्यांचें गाणें होतें. त्यांचें वय तेव्हां एकोणऐंशी. तिघे मित्र चहाचे पेले घेऊन गर्दीच्या कडेला उभे होते. मद्याच्या भरांत पूर्वीं ऐकलेल्या कित्येक मैफलींतलें आपल्याला कांहींच आठवत नाहीं, पण ही सबंध आठवते, असें त्यानें लिहिलें. अनामत परत आली ती त्यानें ऑक्सफॅमला न देतां आपल्या जुन्या देण्याकडे वळविली, हें मला अधिक आवडलें.

वर्दी फार्मच्या कुरणांस कांहीं वर्षांनीं विश्रांति देतात. त्यांतलें २०२६ हें एक असल्यानें त्या वर्षीं तेथें उत्सव नाहीं. आपल्या दिंडीस पाणी वाटण्यास माणसें लागतात काय, असें मुलानें मला विचारलें आहे. चिखलासाठीं घेतलेले त्याचे गुडघ्याएवढे रबरी बूट २०२५ च्या उन्हांत कोरडेच राहिले. ते आणूं काय, हेंहि त्यानें विचारलें. दादा म्हणाले, “आण म्हणावें. दिवेघाटांत पाऊस गांठतोच.”